बाईचे शरीर, बाईची लाज : पाळण्यापासून काठीपर्यंत



मागच्या वर्षावासात आम्ही वस्तीतल्या विहारात चार रविवार बायकांची तपासणी ठेवली होती. पुढच्या खोलीत वजन, रक्तदाब, रक्त. मागच्या खोलीत पडदा लावून डॉक्टरबाई बसलेल्या. पुढच्या खोलीत रांग लागली. मागच्या खोलीत पहिल्या रविवारी एकही बाई गेली नाही. दुसऱ्या रविवारी तीन जणी गेल्या. त्यांतल्या एक मावशी साठीच्या पुढच्या. त्यांचे अंग बाहेर येत होते. कधीपासून, असे विचारले तर म्हणाल्या, "धाकट्याच्या टायमापासून." धाकटा आता ३१ वर्षांचा आहे. एवढी वर्षे या मावशींनी चार घरची धुणीभांडी केली, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालल्या, दीक्षाभूमीवर रात्रभर रांगेत उभ्या राहिल्या. घरात कोणालाच ठाऊक नव्हते. का नाही सांगितले? "कोनाले सांगाव बाई? लाज वाटे."

त्याच दिवशी पुढच्या खोलीत एक पोरगी आली. वय १४. चेहऱ्याला ओढणी बांधलेली. रक्त द्यायला तयार, पण ओढणी सोडायला तयार नाही. आईने ओढून काढली तेव्हा दिसले, दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक पुळ्या, आणि हनुवटीवर लव. काकाच्या मुलीच्या लग्नात गोरे दिसायचे म्हणून दुकानातून ६० रुपयांची ट्यूब आणून चार महिने लावली होती. शाळेत जाणे तिने तीन आठवड्यांपासून बंद केले होते.

मावशी आणि ही पोरगी, दोघींचे दुखणे वेगवेगळे. पण दोघींना दवाखान्यापासून दूर ठेवले ते एकाच गोष्टीने. आपले शरीर म्हणजे काहीतरी लपवायची वस्तू आहे, हे दोघींना कोणीतरी लहानपणीच शिकवले होते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर एखादा आजार न घेता आम्ही हीच गोष्ट घेतली आहे.

पाळण्यातच सुरू होते

पोर जन्माला आली की बघायला येणाऱ्या बाया पहिला प्रश्न विचारतात, "कोनावर गेली?" दुसरा प्रश्न रंगाचा. "काळी हाय, पण नाकीडोळी बरी हाय." हा 'पण' त्या पोरीच्या गळ्यात तेव्हाच बांधला जातो. मग बेसन, साय, हळद यांनी रगडणे, नाक चिमटीत धरून सरळ करणे. रगडून रंग बदलत नाही. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते, तिच्यावर चरे पडतात, पुरळ उठते. तेल लावून हलक्या हाताने मालिश जरूर करावी, तीसुद्धा बाळाला बरे वाटते म्हणून.

रंग येतो कुठून ते एकदा समजून घेऊ. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक एवढाच की काळ्या कातडीत त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य जास्त बनवतात. हे मेलॅनिन उन्हातल्या अपायकारक किरणांना अडवते. आपल्या आज्या-पणज्यांनी भर उन्हात शेतात, रस्त्यावर, खाणीत कामे केली. त्यांच्या कातडीने जे करायला पाहिजे तेच केले. त्यात कमीपणा कसला?

पण आपल्या घरांत या रंगाला आणखी एक पदर आहे, तोही बोललेच पाहिजे. आमच्यातली एक जण शाळेत असताना तिची मैत्रीण तिला कौतुकाने म्हणाली होती, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." म्हणजे त्यांच्यातली बाई कशी दिसते याचे एक चित्र त्या मैत्रिणीच्या घरात आधीच टांगलेले होते. आणि आमच्या मैत्रिणीला त्या दिवशी आनंद झाला होता, हे ती आज सांगते तेव्हा तिला स्वतःचा राग येतो. जातीने आपल्याला विहिरीपासून दूर ठेवले तसे स्वतःच्या अंगापासूनही दूर ठेवले.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतर, त्यांनी जमलेल्या बायकांशी वेगळे बोलणे केले. त्यात मोठ्या तत्त्वज्ञानाआधी लुगड्याची गोष्ट होती. अस्पृश्य बाईने लुगडे कसे नेसावे, गळ्यात-हातात कोणत्या धातूचे काय घालावे, हे गावाने ठरवून टाकलेले. लांबून पाहिले तरी जात कळावी, हा त्यातला हेतू. ती खूण अंगावरून काढून टाका, लुगडे अंगभर नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. वाचणाऱ्याला वाटेल, कपड्याचे एवढे काय. पण ज्या बाईला अंगावर काय घालायचे तेही ठरवू दिले जात नव्हते, तिने लुगडे घोट्यापर्यंत सोडले तेव्हा काय बदलले, ते तिलाच ठाऊक. शरीर तिचे झाले.

आता दुसऱ्या बाजूने बघा. त्या लुगड्याला शंभर वर्षे होत आली, आणि आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्यात मुलाचा बाप माइकवर सांगतो, "मुलगी गोरी, सडपातळ पाहिजे." या मासिकाच्या मागच्या पानावरच्या जाहिरातीतही 'गौरवर्णी' हा शब्द येतो. आम्ही संपादकांना तो काढायला सांगितले आहे. ते म्हणाले, जाहिरात देणाऱ्याचे पैसे असतात. बघू पुढच्या अंकात काय होते ते.

अंगात येणारे बदल

साधारण ८ ते १३ या वयात मुलीची छाती वाढायला लागते. सुरुवातीला एका बाजूला बोराएवढी दुखरी गाठ लागते, दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. अनेक आया घाबरून पोरीला घेऊन आमच्याकडे येतात. घाबरू नये. दोन्ही बाजू कायम थोड्या लहानमोठ्या असणेही नेहमीचेच आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षे ती मागेपुढे होते. पांढरे पाणी थोडे जाते. वास नसेल, खाज नसेल तर तो आजार नाही. मांड्या, कंबर भरते. वजन वाढते, आणि ते वाढायलाच पाहिजे. आठ वर्षांच्या आधीच छाती वाढू लागली किंवा १५ पूर्ण झाली तरी पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

या वयात मुली पोक काढून चालायला लागतात. छाती दिसू नये म्हणून खांदे पुढे घेतात, दोन-दोन ओढण्या घेतात, पळणे बंद, दोरीवरच्या उड्या बंद. घरातलेही म्हणतात, "आता मोठी झाली, उड्या काहून मारते?" हे आम्हाला फार महागात पडलेले दिसते. हाडांत जो मजबूतपणा साठायचा असतो तो बहुतेक १८-२० व्या वर्षापर्यंतच साठतो, आणि तो साठतो पळण्या-खेळण्याने, उन्हाने आणि खाण्याने. चौदाव्या वर्षी जी पोरगी घरात बसवली, तिचे हाड साठाव्या वर्षी बाथरूममध्ये घसरल्यावर मोडते. म्हणून मापाची ब्रा घेऊन द्या आणि खेळू द्या. ब्रा सावलीत, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घालू नका. दोरीवर उन्हात घाला. ओलसर राहिलेल्या कपड्याने स्तनाखाली आणि जांघेत गजकर्ण होते, ते आम्ही दर तपासणीत बघतो.

आता त्या ट्यूबबद्दल. हा भाग मुलींना वाचून दाखवा.

दुकानात मिळणाऱ्या 'गोरे करणाऱ्या' अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. ते औषध आहे. डॉक्टर ते ठरावीक त्वचारोगाला, ठरावीक दिवस देतात. ते चेहऱ्यावर लावले की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो. मैत्रिणी विचारतात काय लावतेस. आणि तिथेच फसगत होते. पुढे कातडी पातळ होत जाते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गाल लाल होतात, पुळ्या येतात, केस येतात, उन्हात गेले की आग होते. घाबरून लावणे थांबवले की सगळे दुपटीने उसळते, म्हणून मुलगी पुन्हा लावते. सुटका होत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण वस्तीतल्या दुकानात चिठ्ठी मागतो कोण? ज्यांच्या नावात 'सोन', 'मेट', 'बेट' असे तुकडे येतात आणि जी मेडिकलमधून मिळतात, ती ट्यूब चेहऱ्याला लावण्याआधी आशाताईला दाखवा. आधीच लावत असाल तर एकदम मनाने सोडू नका, सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा. हळूहळू सोडवतात.

दुसरा प्रकार नाव-गाव नसलेल्या डबीतल्या क्रीमचा. यात पारा असू शकतो. पारा रंगद्रव्य बनू देत नाही, त्यामुळे उजळपणा झपाट्याने येतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एकाच तऱ्हेच्या आजाराचे रुग्ण पाठोपाठ दिसले आणि शोध घेतल्यावर त्यांतले कित्येक जण गोरे होण्याचे क्रीम लावत होते असे निघाले. तोंडावर-पायांवर सूज आणि लघवीला फेस, ही लक्षणे दिसली तर डबी बरोबर घेऊनच दवाखान्यात जा. मोठ्या कंपन्यांच्या साध्या क्रीमने असे होत नाही, पण त्याने रंगही बदलत नाही. अशा सर्वांत प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' घातला. डबीतला शब्द कंपनीला बदलावासा वाटला. घरातला शब्द आपण कधी बदलणार?

अजून एक. कित्येक मुलींच्या मानेवर, काखेत काळा, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो. आई म्हणते, मळ आहे, घास. पोरगी दगडाने घासते, रक्त येते. तो मळ नाही. अंगातल्या इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती बहुतेक वेळा खूण असते. पाळी दोन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस, वजन वाढलेले, असे बरोबर असेल तर साखर आणि पाळीची तपासणी करून घ्यावी. चालणे वाढवले, गोड, बेकरीचे, पाकिटातले कमी केले, वजन थोडे उतरले की तो पट्टा आपोआप फिका पडतो. इथे शरीर काही सांगत होते आणि आपण त्याला घाणेरडे म्हणत होतो.

अंगावरच्या पांढऱ्या डागांचे, म्हणजे कोडाचेही तसेच. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, ते कोणाला लागत नाही, एका ताटात जेवल्याने तर नाहीच. कोड असलेल्या मुलीला लग्नघरात मागच्या खोलीत बसवणारी माणसे आपल्यातही आहेत. अस्पृश्यता काय असते हे ज्यांना सांगावे लागू नये, त्यांनीच ती घरात पाळावी?

बारीक आणि जाड

मोबाइलवरच्या नट्या बघून मुली सकाळचे जेवण सोडतात. "मले भूक नाही" म्हणतात. दुसरीकडे आधीच रक्त नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. रक्त कमी असले की दम लागतो, अभ्यासात मन लागत नाही, चेहरा फिका, केस गळतात. मग तिला वाटते आपणच आळशी, आपणच कुरूप. आम्ही तपासणीत बघितले की ज्या मुली सर्वांत गप्प बसल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच जणींचे हिमोग्लोबिन ८-९ होते. गरोदर नसलेल्या बाईचे ते निदान १२ पाहिजे. आत्मविश्वासाचे व्याख्यान देण्याआधी रक्त तपासा, असे आमचे मत झाले आहे.

शाळेत आणि अंगणवाडीत १० ते १९ वयाच्या मुलींना आठवड्यातून एक निळी लोहाची गोळी मिळते, वर्षातून दोनदा जंताची गोळी. गोळी जेवल्यावर घ्यावी. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. गोळीवर लगेच चहा पिऊ नये, चहा लोह अंगात जाऊ देत नाही. लिंबू पिळलेले काही खावे. खाण्यात ज्वारीची भाकर, हरभऱ्याची भाजी, जवसाची चटणी, तीळ, अंडे, मटणाचे काळीज. सुकट-बोंबील हाडासकट खाल्ले तर चुनाही मिळतो. हे आपले खाणे आहे, पण शेजारी वास जाईल म्हणून ते करायची लाज धरणारी घरेही आम्हाला माहीत आहेत. ज्यांना लाज वाटते त्यांनी खिडकी लावावी, पण पोरीला खाऊ घालावे.

वजन किती असावे? उंचीवर ठरते. चार फूट अकरा इंच उंचीच्या मोठ्या बाईचे वजन साधारण ४२ ते ५२ किलो असावे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पोटावरची चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला वाट करून देते, म्हणून ती कमी करायची. नवऱ्याला, नणंदेला काय आवडते त्याच्यासाठी नव्हे. 'ढोली', 'हत्ती', 'काडी' हे शब्द बंद करा. नावे ठेवून कोणाचे वजन उतरलेले आम्ही पाहिले नाही. चिडवलेली मुलगी लपून खाते किंवा उपाशी राहते.

या आठवड्यात घरात एक करून पाहा. वहीचे एक पान घ्या. घरातल्या मुलीच्या किंवा सुनेच्या अंगरूपाबद्दल दिवसभरात कोण काय बोलले ते लिहा. चांगले-वाईट दोन्ही. आम्ही स्वतः हे केले. एकीच्या वहीत चार दिवसांत १९ वाक्ये आली, त्यांतली ११ तिची स्वतःचीच होती. पोरीच्या अभ्यासाबद्दल तिने त्या चार दिवसांत दोन वाक्ये बोलली होती.

बाळंतपण, कष्ट आणि पिशवी

गरोदरपणात पोटावर पांढरे-जांभळे चरे पडतात, बेंबीखाली काळी रेघ उमटते, गालांवर वांग येतात. वांग आणि रेघ बाळंतपणानंतर पुष्कळ कमी होतात, चरे फिके होतात पण जात नाहीत. पोट लगेच आत जात नाही. सहा महिने तरी द्यावे लागतात. घट्ट पट्टा बांधून पोट जात नाही, उलट अंगावर खाली दाब पडतो. बाळंतिणीला सतत रडू येते, बाळ नकोसे वाटते, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे चालले तर तो तिचा नखरा नसतो, आजार असतो, आणि उपचाराने बरा होतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट, मराठीत बोलता येते.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बाईला बाळंतपणात विश्रांती आणि पैसे मिळावेत या विधेयकाच्या बाजूने भाषण केले होते. पुढच्या वर्षी कायदा झाला. पण आपल्यातल्या किती बायकांना आजही ती विश्रांती मिळते? दीड महिन्याची बाळंतीण पाण्याचे हंडे उचलते. त्या मावशींचे अंग बाहेर आले ते असेच. गर्भाशयाला खालून धरून ठेवणारे स्नायू बाळंतपणात ताणलेले असतात, त्यांना सावरायला वेळ मिळाला नाही, वरून ओझे, जुना खोकला, बद्धकोष्ठ, की ते सैल पडतात. खोकताना-हसताना लघवी सुटणे हे त्याचेच धाकटे भावंड. 'वयाने होते' म्हणून बायका पाणी पिणे कमी करतात, लग्नाला जात नाहीत, मिरवणुकीला जात नाहीत. हळूहळू घरातच राहतात, आणि घरचे म्हणतात, हिला माणसात यायला नको असते.

याला व्यायाम आहे, कोणत्याही वयात करावा. लघवी रोखताना जसे खालचे अंग आत ओढतो तसे ओढायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. एका वेळी दहादा, दिवसातून तीन वेळा. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. भाकरी थापताना, बसमध्ये, परित्राणपाठ ऐकताना, कुठेही करता येतो, कोणाला कळत नाही. फरक दिसायला तीन महिने लागतात. अंग फारच खाली आले असेल तर आत रबरी कडे बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. दोन्ही सरकारी रुग्णालयात होते.

पण याच लाजेच्या दुसऱ्या टोकाला बीड आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, फडात ना संडास ना पाणी, पाळीत काम होत नाही. मग पांढरे पाणी जाते म्हणून दाखवायला गेलेल्या तिशीतल्या बाईला सांगायचे, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल. पांढरे पाणी म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो संसर्ग असतो आणि गोळ्यांनी जातो. पिशवी काढा असे कोणी सांगितले तर सोनोग्राफीचा कागद घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी गेल्यासारखी अवस्था होते, हाडे लवकर ठिसूळ होतात. 'दोन-तीन लेकरं झाली, आता काय उपयोग तिचा' हे वाक्य डॉक्टर बोलतो तसे सासूही बोलते. बाईचे अंग म्हणजे उपयोग संपला की काढून टाकायचे अवजार आहे काय?

पाळी जाते तेव्हा

आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते. त्याआधी दोन-चार वर्षे अंगातून वाफा येतात, रात्री घाम येतो, झोप मोडते, केस विरळ होतात, योनीत कोरडेपणा येतो, चिडचिड होते. घरात म्हणतात, बाई चिडकी झाली. बाईला वाटते, आपण आता बाईच राहिलो नाही. हे वाक्य आम्ही इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे की त्यावर एक वेगळा लेख होईल. कोरडेपणाला मलम आहे, वाफांना औषध आहे, झोपेला उपाय आहे, विचारायचे कोणी? डॉक्टरबाईंनाच.

तीन गोष्टींत लाज बाळगू नये, उशीर करू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त गेले तरी तपासणी. स्तनात न दुखणारी गाठ, बोंड आत ओढलेले, बोंडातून रक्त, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली दिसली तर तपासणी. गाठ दुखत नाही म्हणून बायका थांबतात; कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आणि तिसरे, नवऱ्याशी संबंधानंतर रक्त जाणे. ३० वर्षांनंतर स्तन, गर्भाशयाचे तोंड आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट होते. खर्रा आणि तंबाखूची मिश्री यांवर आम्ही मागे लिहिलेच आहे, इथे पुन्हा लिहीत नाही.

म्हातारपण

थेरीगाथेत आम्रपालीच्या गाथा आहेत. वैशालीची ती गणिका, जिच्या रूपाची ख्याती दूरवर होती, जिने आपले आम्रवन बुद्धांना दान दिले. म्हातारपणी ती थेरी झाली आणि आपल्या शरीराचा एकेक भाग घेऊन बोलली : केस, भुवया, डोळे, दात, गळा, स्तन, पाय. आधी कसे होते, आता कसे आहे. काही जण त्यावरून बाईचे शरीर घाणेरडे, असा अर्थ काढतात. आम्हाला तसे वाटत नाही. एका बाईने स्वतःच्या म्हाताऱ्या अंगाकडे नजर न चोरता पाहिले आणि जे दिसले ते सर्वांसमोर सांगितले, एवढे त्यात आहे. आमच्या तपासणीत किती आज्या असे करू शकल्या? "आता या वयात काय पाह्यचं आरशात", असे म्हणून त्या हसतात, आणि फोटो काढायला लागलो की पदर तोंडावर घेतात.

घरच्यांनी दोन-तीन गोष्टी बघाव्यात. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला शिकलेली, साक्षरता वर्गाला गेलेली आजी चष्म्याविना पुन्हा निरक्षर होते. चष्मा घेऊन द्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयात फुकट होते. दात पडले म्हणून ती चहात टोस्ट बुडवून दिवस काढते, तिला मऊ वरण, अंडे, दही द्या. मांस जाते, मग तोल जातो, मग पडते. कवळी हा चैनीचा विषय नाही. पाठीला बाक येऊ लागला असेल तर भिंतीला पाठ टेकवून रोज थोडा वेळ उभे राहणे, खुर्चीवरून हात न लावता दहादा उठणे-बसणे, हे सुरू करा.

त्या मावशींना आम्ही मेडिकलला नेले. साखर जास्त होती म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी कडे बसवले. कडे बसवून बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढंच होतं?" चौथ्या रविवारी त्या दोन शेजारणींना घेऊन विहारात आल्या आणि पडद्याशी स्वतः उभ्या राहिल्या. त्या दिवशी मागच्या खोलीत १७ जणी गेल्या. पोरगी शाळेत जाऊ लागली आहे. गाल अजून लाल आहेत, डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल. ओढणी ती अजून बांधते, पण वर्गात गेल्यावर सोडते, असे तिच्या आईने सांगितले.

पुढची तपासणी माघ पौर्णिमेनंतरच्या दोन रविवारी, सकाळी वंदनेनंतर. जुने कागद, चालू गोळ्या आणि लावत असाल ती ट्यूब बरोबर आणावी. ज्यांना समोर विचारायला संकोच वाटतो त्यांनी नाव न लिहिता चिठ्ठी विहारातल्या पेटीत टाकावी, उत्तर याच पानावर देऊ.